कामासाठी मॅक की विंडोज : लॅपटॉप निवडण्याआधी काय तपासावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत तांत्रिक आधार थांबवला आणि नाशिकमधील अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. ज्या यंत्रांत ती नाही, त्यांच्यावर नवी आवृत्ती अधिकृतपणे चढवता येत नाही. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची मुभा मिळाली, पण ती केवळ एका वर्षाची सवलत आहे. नवा लॅपटॉप घ्यायचाच आहे तर या वेळी ॲपलचा मॅक का घेऊ नये, असा प्रश्न त्यामुळे कॅनडा कॉर्नरच्या सीए कार्यालयापासून अंबडच्या मशीन शॉपपर्यंत विचारला जाऊ लागला आहे.

या प्रश्नावर मिळणारी बहुतेक उत्तरे आवडीनिवडीची असतात. मॅक वापरणारा मॅकची भलामण करतो, विंडोज वापरणारा त्याच्या किमतीकडे बोट दाखवतो आणि विचारणारा होता तिथेच राहतो. कोणता लॅपटॉप अधिक चांगला, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे त्याचे कारण. आपल्या कामातील कोणती गोष्ट जागची हलायला तयार नाही, या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर असते, आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे मत आहे.

मुळात फरक कशाचा आहे?

तीन शब्द आधी समजून घेतले की पुढचे सोपे होते. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपमधील मुख्य चिप, जी सगळी आकडेमोड करते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या चिपकडून, पडद्याकडून आणि कीबोर्डकडून काम करवून घेणारी मूळ प्रणाली. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची आणि मॅकओएस ही ॲपलची. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर किंवा स्कॅनरसारख्या जोडलेल्या उपकरणाशी व्यवहार कसा करायचा, हे त्या प्रणालीला सांगणारा छोटा प्रोग्रॅम.

विंडोज अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर चालते. मॅकओएस केवळ ॲपलच्याच यंत्रांसाठी असते. त्यात नोव्हेंबर २०२० पासून आणखी एक भेद पडला. तोवर मॅकमध्येही इंटेलचाच प्रोसेसर असे, परंतु त्या महिन्यात ॲपलने एम१ ही स्वतःची चिप आणली. इंटेल आणि एएमडी यांच्या चिपा एक्स८६ या घराण्यातील आहेत, तर ॲपलच्या एम मालिकेतील चिपा एआरएम या वेगळ्या घराण्यातील. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील वाचकांना हे आट्यांवरून चटकन कळेल : मेट्रिक आट्यांचा नट आणि इंची आट्यांचा बोल्ट दोन्ही उत्तम प्रतीचे असले, तरी एकमेकांवर बसत नाहीत. सॉफ्टवेअरही कोणत्या तरी एका प्रणालीसाठी आणि एका चिपेसाठी तयार केलेले असते. ते दुसरीकडे चालवायचे, तर निर्मात्याने त्याची वेगळी आवृत्ती काढावी लागते, नाहीतर मध्ये काही जोड बसवावा लागतो.

कामातील अडेल सॉफ्टवेअर कोणते?

रोजच्या कामातील बराच भाग आता ब्राउझरमध्ये होतो. ईमेल, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ बैठका, जीएसटी आणि आयकराच्या पोर्टलवरील बहुतेक कामे, ऑनलाइन दस्तऐवज यांना खालचे यंत्र कोणते आहे याचे फारसे सोयरसुतक नसते. वर्ड आणि पॉवरपॉइंट दोन्हींकडे आहेत. हे सगळे पाहून माणूस निश्चिंत होतो आणि नेमके तिथेच फसतो, कारण अडचण येते ती महिन्यातून एकदा किंवा मार्चअखेरीस उघडाव्या लागणाऱ्या गोष्टींची.

हिशेबाचेच घ्या. टॅली प्राइम विंडोजसाठी आहे. मॅकवर ते थेट बसवता येत नाही. नाशिकमधील व्यापारी, कर सल्लागार आणि सीए कार्यालये यांच्यापैकी कितीतरी जणांचा कारभार टॅलीवर चालतो, आणि ज्याचा आठ तासांचा दिवस टॅलीच्या पडद्यासमोर जातो, त्याने मॅकचा विचार करण्यात अर्थ नाही. एक्सेल मॅकवर आहे खरे, पण ते तंतोतंत तेच नव्हे. मोठ्या तक्त्यांचे विश्लेषण करणारे पॉवर पिव्हट मॅकच्या एक्सेलमध्ये नाही, ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्या तंत्राची बटणे असलेल्या मॅक्रो फायली, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या फायली, तिथे नीट चालत नाहीत, आणि पॉवर बीआय डेस्कटॉप व ॲक्सेस हे दोन प्रोग्रॅम तर फक्त विंडोजवरच मिळतात. आपल्या कार्यालयात कुणीतरी पूर्वी बनवून ठेवलेली आणि सगळे जण डोळे मिटून वापरत असलेली मॅक्रोची फाइल असेल, तर ती खरेदीपूर्वी एखाद्या मॅकवर उघडून पाहावी. सरकारी खात्यांची ऑफलाइन भरणा साधनेही अनेकदा विंडोज आणि विंडोजवरील एक्सेल गृहीत धरूनच तयार केलेली असतात.

कारखानदारीत विंडोजचे पारडे अधिकच जड आहे. सॉलिडवर्क्स, मास्टरकॅम, रेव्हिट, स्टॅड प्रो ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपतो, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजचीच आहेत. आराखडे काढण्याच्या ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, मात्र यांत्रिक, विद्युत किंवा वास्तुरचनेच्या कामासाठी विंडोजवर जे खास साधनसंच मिळतात, ते त्यात नाहीत. ऑटोडेस्क कंपनीचे फ्यूजन हे रचनेचे सॉफ्टवेअर दोन्हींकडे चालते, हा त्यातल्या त्यात दिलासा. पुन्हा, कारखान्यातील जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवताना आरएस-२३२ ही जुनी सीरियल केबल लागते, भुईकाट्याचे वजन संगणकात घेतानाही बहुधा तीच, आणि या केबलींबरोबर येणारी सॉफ्टवेअर विंडोजसाठीच लिहिलेली असतात. बाजार समितीच्या आवारातील आडत दुकानात पावत्या छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर याच पंक्तीतला. अशा यंत्रांना मॅकचा ड्रायव्हर मिळेलच, असे धरून चालू नये.

निविदा आणि डिजिटल सहीचे टोकन

हा मुद्दा वेगळा काढण्याचे कारण सिंहस्थ आहे. २०२६-२७ च्या कुंभमेळ्याच्या कामांच्या निविदा निघत आहेत आणि त्या भरणारे ठेकेदार, पुरवठादार आणि त्यांचे सल्लागार शहरात संख्येने बरेच आहेत. राज्य शासनाच्या महाटेंडर्स पोर्टलवर निविदा भरायची, तर क्लास ३ ची डिजिटल सही लागते, आणि ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये बंदिस्त असते.

या टोकनचे काम कसे चालते, हे जवळून पाहिले तर अडचण कुठे येते ते कळते. मुदत दुपारी तीनची आहे. कार्यालयातील मुलगा टोकन लावतो, पोर्टलवर ‘सही करा’ हे बटण दाबतो आणि वाट पाहतो. ब्राउझरला सुरक्षेच्या कारणास्तव टोकनला थेट हात लावता येत नाही. म्हणून संगणकात पडद्यामागे चालणारा एक छोटा दुवा प्रोग्रॅम लागतो. तो पोर्टलची मागणी घेतो, टोकनच्या ड्रायव्हरकडे देतो, ड्रायव्हर पिन मागणारी खिडकी उघडतो, पिन बरोबर असल्यास सही टोकनच्या आतच तयार होते आणि त्याच वाटेने पोर्टलकडे परतते. म्हणजे पोर्टल, ब्राउझर, दुवा प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि टोकन या पाच जणांचे जमले, तरच निविदा दाखल होते. यांतला एक जरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीवर रुसला, तर पिनची खिडकी उघडतच नाही, आणि घड्याळ मात्र पुढे सरकत राहते.

काही टोकनांसाठी मॅकचे ड्रायव्हर मिळतात आणि ते चालतातही. परंतु पोर्टलच्या मार्गदर्शक सूचना, टोकन विकणाऱ्याचा मदतनीस आणि शेजारच्या कार्यालयातील जाणकार हे सगळे विंडोजच्या पडद्यावरूनच सांगत असतात, याचे मोल मुदतीच्या दिवशी कळते. शिवाय टोकन जुन्या, रुंद यूएसबीचे असते आणि मॅकबुक एअर या ॲपलच्या हलक्या लॅपटॉपला यूएसबीसाठी केवळ यूएसबी-सी आकाराची दोन छिद्रे असतात, तेव्हा वेगळा हब, म्हणजे मध्ये जोडायचा डबाही घ्यावा लागतो. महिन्याला अनेक निविदा भरणाऱ्याने विंडोजच ठेवावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. याउलट एकट्या मालकीचा व्यवसाय असेल, तर जीएसटीचे विवरणपत्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते. त्याच्या बाबतीत हा अडसर राहत नाही.

“पण मॅकवरही विंडोज चालवता येते ना?”

येते, पण पूर्वीसारखे नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प नावाची सोय होती. तिने यंत्रातील साठवणीचे दोन भाग करून एकात सरळ विंडोज बसवता येत असे. एम मालिकेच्या मॅकवर ती सोय नाही. आता पॅरलल्ससारखे सॉफ्टवेअर विकत घेऊन मॅकओएसच्या आतच एका खिडकीत विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालवावी लागते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये या वापराला अधिकृत मान्यता दिली. साधी सॉफ्टवेअर यात बऱ्यापैकी चालतात, कारण एक्स८६ साठी लिहिलेला प्रोग्रॅम चालवणारा भाषांतराचा थर विंडोजमध्येच असतो. मात्र पॅरलल्सचे शुल्क आणि विंडोजचा परवाना हे दोन्ही खर्च मॅकच्या किमतीवर चढतात, रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती, दोन प्रणालींत वाटली जाते आणि ड्रायव्हरचा प्रश्न सुटत नाही : प्रोग्रॅमचे भाषांतर होऊ शकते, मूळ प्रणालीच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचे होत नाही, तो एआरएमसाठी स्वतंत्रच लिहिलेला असावा लागतो.

अधूनमधून टॅली पाहायचे असेल, तर दुसरा मार्ग बरा वाटतो. कार्यालयात एक विंडोज संगणक चालू ठेवायचा आणि मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने त्याचा पडदा पाहायचा, किंवा टॅली क्लाउडवर ठेवणारी सेवा घ्यायची. महिन्यातून चार वेळा लेजर बघणाऱ्या मालकाला हे पुरते. दिवसभर नोंदी करणाऱ्या अकाउंटंटला नेट अडखळले की याचा वैताग येतो.

“मग विंडोजचा कोणताही लॅपटॉप घेतला तर चालेल?”

चालणार नाही, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. २०२४ च्या जूनपासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले आहेत. ते हलके असतात, बॅटरी चांगली टिकते, दाखवतानाही झकास दिसतात. परंतु त्यांतील चिप एआरएम घराण्याची असल्यामुळे वर सांगितलेली ड्रायव्हरची अडचण विंडोजचा शिक्का असूनही तिथे येऊ शकते. जुना प्रिंटर, सहीचे टोकन, सीरियल केबल किंवा सॉलिडवर्क्स यांच्यासाठीच जो विंडोज घेतो आहे, त्याने इंटेल किंवा एएमडीचाच प्रोसेसर मागावा आणि बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

त्याचबरोबर १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी (फायलींची कायमची साठवण) यांखाली उतरू नये. ८ जीबीचे यंत्र पहिल्या दिवशी ठीक वाटते. ब्राउझरच्या वीस खिडक्या, टॅली आणि एक्सेल एकत्र उघडले की ते धापा टाकू लागते.

मॅक कुणाला लाभतो?

इथवर वाचून मॅक कामाचाच नाही, असे वाटेल, पण तो निष्कर्ष चुकीचा आहे. गंगापूर रोडला घरी बसून पुण्याच्या किंवा परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता, लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करणारा छायाचित्रकार, वास्तुविशारदांसाठी सादरीकरणे बनवणारी डिझायनर, लेखक, प्राध्यापक, ज्याचे काम ब्राउझरमध्येच होते असा सल्लागार, या सगळ्यांपुढे अडेल सॉफ्टवेअरचा प्रश्न बहुधा नसतो. उलट आयफोनसाठी ॲप बनवून ते ॲप स्टोअरवर चढवायचे असेल, तर त्यासाठी लागणारे एक्सकोड मॅकवरच चालते. फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो यांची डेस्कटॉप आवृत्तीही मॅकसाठीच आहे. तिथे अडेल सॉफ्टवेअर मॅकच्या बाजूचे असते.

मॅकची खरी कमाई वीज आणि वेग यांच्या मेळात आहे. एआरएम चिपा कमी विजेत जास्त काम करतात आणि ॲपल चिप, यंत्र व प्रणाली तिन्ही स्वतःच जुळवते, याचा फायदा मिळतो. एम४ चिपेचा मॅकबुक एअर वायरलेस वेब वापरात १५ तासांपर्यंत चालतो, असा कंपनीचा दावा आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळाले, तरी दुपारी वीज गेल्यावर घाबरायला होत नाही. एअरमध्ये पंखाच नसल्याने तो आवाजही करत नाही. अर्थात पंखा नाही म्हणूनच, लांब व्हिडिओ तासन् तास तयार करायला लावला की तो तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. असे काम रोजचे असणाऱ्याने पंखा असलेला मॅकबुक प्रो पाहावा.

मराठी टंकलेखन आणि छपाई

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, मराठी लिहिणाऱ्याला दोन्हींकडे अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हींत अंगभूत आहे, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवण्याची सोयही दोन्हींत आहे. प्रश्न येतो तो पत्रिका, पुस्तके आणि फ्लेक्स करणाऱ्यांचा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या फायली, जुन्या पेजमेकरमधील पुस्तके आणि त्यांवर बसलेला हात हे सगळे विंडोजचे आहे. कोरलड्रॉ २०१९ पासून मॅकसाठीही मिळते, पण जुना मजकूर तिथे उघडल्यावर अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसली, तर आश्चर्य वाटायला नको. छापखान्याशी देवाणघेवाण असेल, तर त्यांच्याच साधनांशी जुळवून घ्यावे.

महाग म्हणजे नेमका किती महाग?

मार्च २०२५ मध्ये आलेल्या १३ इंची एम४ मॅकबुक एअरची भारतातील सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती, आणि त्यात १६ जीबी रॅम व २५६ जीबी साठवण मिळत असे. रोजच्या कार्यालयीन कामाचा चांगला विंडोज लॅपटॉप त्या वेळी साधारणपणे याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश किमतीत येत असे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणीकृत व्यावसायिकाने तो कामासाठी स्वतःच्या जीएसटी क्रमांकाच्या बिलावर घेतला आणि त्याला इनपुट क्रेडिटचा हक्क असला, तर वरील ९९,९०० पैकी सुमारे १५,२४० रुपये वजावटीला मिळतात, म्हणजे खरी किंमत ८४,६६० च्या आसपास येते. ऑनलाइन खरेदीत जीएसटी क्रमांक टाकायचा राहून गेला की हे पैसे बुडाले, असे समजावे.

किमतीच्या पुढचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि साठवणही मूळ बोर्डावरच पक्की असते, त्यामुळे जे घ्यायचे ते पहिल्याच दिवशी. आणि ॲपल वाढीव साठवणीचे पैसे चांगलेच लावते. अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी बदलता येते, काहींत रॅमही. दुसऱ्या बाजूने, २०२० च्या एम१ मॅकला २०२५ ची मॅकओएस आवृत्तीही मिळाली आहे आणि मॅकला जुन्या बाजारात भाव बरा येतो. पाच-सहा वर्षे एकच यंत्र वापरणाऱ्याला मॅक किमतीवरून वाटतो तितका महाग पडत नाही. दर तीन वर्षांनी बदलणाऱ्याला किंवा दहा कर्मचाऱ्यांसाठी दहा यंत्रे घेणाऱ्याला तो महागच पडतो.

व्हायरसच्या भीतीने मॅक घेणारेही भेटतात. विंडोजवर हल्ले जास्त होतात, कारण वापर जास्त आहे. परंतु मॅकला काही होत नाही, ही समजूत खोटी आहे. पासवर्ड आणि ब्राउझरमधील माहिती चोरणारा ॲटॉमिक स्टीलर २०२३ मध्ये मॅकसाठीच उघडकीला आला. चोरीचे, क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकणाऱ्याला कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.

जुना मॅक स्वस्तात मिळत असेल तर?

जुन्या यंत्राबाबत आधी दुरुस्तीचा विचार करावा, आणि तो नव्यालाही लागू आहे. विंडोज लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा पडदा शहरातला कारागीर बदलून देतो. मॅकच्या बाबतीत अधिकृत सेवेचा खर्च आणि सुटा भाग येण्यास लागणारे दिवस आधीच विचारून ठेवावेत. ॲपल एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षांनी त्याला कालबाह्य यादीत टाकते आणि मग त्याची दुरुस्ती सहसा अधिकृतपणे होत नाही.

त्यामुळे जुना इंटेलचा मॅकबुक कितीही स्वस्त मिळाला, तरी कामासाठी घेऊ नये. मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, हे ॲपलने जून २०२५ मध्येच जाहीर केले आहे. एम१ किंवा एम२ चा जुना मॅक १६ जीबीचा असेल, तर विचार करण्याजोगा आहे, मात्र पैसे देण्यापूर्वी दोन कुलपे तपासावीत. पहिले, आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचे ॲक्टिव्हेशन लॉक. दुसरे, ते यंत्र पूर्वी एखाद्या कंपनीचे असेल, तर त्या कंपनीचे दूरनियंत्रण. हे नेहमीच्या वापरात कळतही नाही, सगळे पुसून नव्याने सुरू केल्यावर समोर येते, आणि ते काढणे त्या कंपनीच्याच हातात असते. विक्रेता आपल्यासमोर मॅक पुसून, नेटला जोडून, पहिल्यापासून सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर तो व्यवहार करू नये.